मनातली अढी, जुना सल आणि प्रभूची क्षमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता कुणीतरी हळूच बाजूला घेतं, भगिनी मंडळात चिठ्ठी येते, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज पडतो. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मी पाळक नाही की डॉक्टरही नाही. मंडळीत लोकांचं ऐकून घेण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते राहिलं, एवढंच.

1. कडूपणा म्हणजे नक्की काय? मला राग येतो, तेही पापच का?

नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल 26व्या वचनात म्हणतो, रागवा पण पाप करू नका. आणि पाचच वचनं पुढे म्हणतो, सगळं कडूपण दूर करा. म्हणजे त्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखलं की राग येणारच. कडूपणा म्हणजे तो राग झाकून, जपून ठेवणं.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे, अढी. मनात अढी बसते, आणि आंब्याचीही अढी घालतात. पेंढ्यात कैऱ्या रचून वरून झाकलं की आत ऊब धरते आणि फळ पिकतं. पण दोन-तीन दिवसांनी पेंढा उचलून बघावं लागतं. नाहीतर एक नासका आंबा शेजारचे चार घेऊन जातो, आणि वास येईपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. इब्री लोकांस पत्रात (12:15) कडूपणाच्या मुळाबद्दल हेच सांगितलं आहे: ते उगवून वर आलं की त्रास एकट्याला होत नाही, पुष्कळ जण त्याने बिघडतात. सासूवरचा राग पोरांच्या पाठीवर निघतो, तो याच हिशेबाने.

2. "सूर्य मावळायच्या आत राग सोडा" असं लिहिलंय. आमचं भांडण तर रात्री दहाला सुरू होतं!

तर मग झोपा. थकलेल्या माणसांनी रात्री एक वाजता केलेला समेट सकाळच्या चहापर्यंत टिकत नाही, हा अनुभव आहे. त्या वचनाचा रोख घड्याळावर नाही, राग मुक्कामाला ठेवू नका यावर आहे. "आत्ता नाही, उद्या बोलू" असं म्हणून खरंच उद्या बोलणं त्यात बसतं.

3. सगळे म्हणतात, ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर. मला जमत नाही. माझा विश्वास कमी आहे का?

कमी नाही. घाई मात्र बाकीच्यांना झाली आहे. दुसऱ्याचं दुःख बघवत नाही, म्हणून माणसं त्यावर पटकन वचन ठेवतात. जखम न धुता पट्टी बांधावी तसंच आहे ते.

बायबल स्वतः इतकी घाई करत नाही. 150 स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा येतो. 55वं स्तोत्र विश्वासघाताचं आहे: शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू तर माझा जिवाभावाचा मित्र होतास. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही.

रूथच्या पुस्तकातली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमात परत येते, तेव्हा गावातल्या बायकांना सांगते: मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, मारा म्हणजे कडू. या बोलण्याबद्दल तिला कुणीही दटावत नाही. सून शेजारी उभी असते, आणि दिवस जवाच्या कापणीचे असतात. तिचं बरं होणं पुढच्या तीन अध्यायांत, धान्य घरी येत येत होतं.

4. क्षमा करायची म्हणजे "जाऊ दे, एवढं काही झालं नाही" असंच म्हणायचं ना?

उलट. काहीच झालं नसेल तर क्षमा कशाची करणार?

आपण दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत मोठ्याने म्हणतो: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." शब्द देण्याघेण्याचा आहे. मूळ ग्रीकमधला क्षमेचा शब्दही सोडून देणं, मोकळं करणं असाच आहे, आणि तो कर्ज सोडण्यालाही चालतो. कर्ज सोडायचं तर आधी वही उघडून किती येणं आहे ते बघावं लागतं. माझं बालपण गेलं, माझा विश्वास गेला, माझ्या लग्नाची पहिली नऊ वर्षं गेली, असं मांडावं लागतं. मग ती वही देवाच्या हाती द्यायची. सूड माझ्याकडे सोपवा, असं तो रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात म्हणतोच.

मत्तयाच्या 18व्या अध्यायातल्या दाखल्यात राजा एका दासाचं दहा हजार तलांतांचं कर्ज माफ करतो, आणि तो दास बाहेर येऊन सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत साधारण सहा हजार दिनारांचा. म्हणजे पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, कुठल्याही जन्मात न फिटणारं. उपदेशात इथेच थांबतात. पण दुसरा आकडाही बघा. शंभर दिवसांची मजुरी ही काही चिल्लर नाही, तीन महिन्यांहून जास्त घाम आहे तो. येशूने तुमचं येणं लहान करून सांगितलेलं नाही. ते खरं आहे असं धरूनच तो बोलतो.

5. माझा राग माणसावर नाही, देवावर आहे. हे प्रार्थनेत बोलू का?

बोला. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाने देवाला काय काय ऐकवलं ते वाचून पाहा. शेवटी देव त्याच्या मित्रांवर रागावतो, जे सगळा वेळ देवाची बाजू मांडत होते. आणि माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असं म्हणतो (42:7). कुणी ऐकत नसेल तर तक्रार कशाला करेल माणूस? तुमचा राग हीसुद्धा प्रार्थनाच आहे, तोंड फक्त वाकडं आहे.

6. ठीक आहे. पण सुरुवात नेमकी कुठून करू?

मी कशी केली ते सांगते. आमच्या घरात एका जवळच्या नातलगाने आजारी आईच्या शेवटच्या दिवसांत असं काही केलं की मी त्याचं नाव घेणं सोडलं. उपासनेला जात होते. सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणायची, आणि "ऋण्यांस" आलं की माझा आवाज बंद व्हायचा. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. शेजारच्या बाकावरच्या आजींनी ते ओळखलं होतं हे मला फार नंतर कळलं. असे अकरा महिने गेले.

पुढे केलं ते एवढंच. शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर जे झालं ते तारखांसकट लिहिलं, सभ्य शब्दांत लिहायचा प्रयत्न केला नाही. रोज 55वं स्तोत्र मोठ्याने वाचलं. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होईपर्यंत. आठवड्यातून एकदा त्या आजींना एक पान वाचून दाखवलं. त्या सल्ला द्यायच्या नाहीत, "हं" म्हणायच्या. चारेक महिन्यांनी एका रविवारी ती ओळ तोंडातून निघाली, म्हटल्यासारखी कमी आणि ढकलल्यासारखी जास्त. भावना काही बदलली नव्हती. ती नंतर बदलली, तीही पूर्ण नाही.

तुम्हाला वही नको असेल तर नको. पण बोलायला एक माणूस हवाच, आणि ऐकलेलं प्रार्थनासभेत "विनंती" म्हणून जाहीर न करणारा हवा. कॅथलिक असाल तर फादरपुढे कन्फेशनची सोय आहेच, आणि तिथे बोललेलं गुप्त राहतं.

7. मी मनापासून क्षमा केली, पण आठवण आली की पुन्हा पोटात तसंच ढवळतं. मग ती क्षमा खोटी होती?

खोटी नव्हती. शिष्य पेत्राने सात वेळा क्षमा करायची का, असं विचारलं तेव्हा येशूने सत्तर वेळा सात असं सांगितलं. आपण ते वेगवेगळ्या अपराधांना लावतो, पण एकाच अपराधाला लावून पाहा. एकच जखम, आणि ती आठवेल तितक्या वेळा सोडायची.

आठवण पुसली जाणं ही क्षमेची खूण नाही. भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाने इजिप्तमध्ये थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, कारण देवाने मला माझे कष्ट विसरायला लावले, असं तो म्हणाला. गंमत अशी की, पोराला हाक मारली की रोज आठवण! पुनरुत्थानानंतर येशूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. थोमाला त्याने तेच दाखवले.

8. क्षमा केली म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं जायचं-यायचं, विश्वास ठेवायचा, असंच ना?

क्षमा एकट्याने होते, समेटाला दोघे लागतात, आणि विश्वास तर परत कमवावा लागतो. लोक या तिन्हींची खिचडी करतात, आणि दुखावलेलं माणूस त्यात भरडलं जातं.

योसेफाचंच बघा. भावांनी विकलं तेव्हा तो 17 वर्षांचा. ते धान्य मागायला समोर आले त्याला वीसेक वर्षं उलटली होती. त्याने त्यांना ओळखलं, पण ओळख दिली नाही. दुभाषा मध्ये ठेवून बोलला, बाजूला जाऊन रडला, त्यांच्यातल्या शिमोनाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला. हा छळ वाटतो, पण त्याला एकच गोष्ट बघायची होती: हे लोक धाकट्याला पुन्हा टाकून जातात का? त्यांच्यातला यहूदा म्हणाला, त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. तेव्हा कुठे योसेफाने सगळ्यांना बाहेर काढून आपलं नाव सांगितलं. आणि पुढे 17 वर्षं एकत्र राहूनही, बाप वारल्यावर भावांना धास्ती होतीच, आता हा उट्टं काढेल म्हणून.

रोमकरांस 12:18 मध्येही अट आहे: शक्य असेल, तुमच्याकडून होईल, तितकं शांतीने राहा. समोरच्याचा वाटा तुमच्या माथी मारलेला नाही.

9. नवरा मारतो. घरचे आणि मंडळीतले म्हणतात, सोस, प्रभूनेही सोसलं, तुझ्या क्षमेने तो बदलेल. काय करू?

आधी सुरक्षित जागी जा. क्षमेचं नंतर बघू, आणि ते तुमच्या सवडीने. जीव धोक्यात असेल तर 112, महिलांसाठी 181. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो.

येशूचा वधस्तंभ दाखवून बाईला मार खायला लावणं हा वचनाचा गैरवापर आहे, हे मी पाळकांसमोरही बोलते. नासरेथकरांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यातून निघून गेला (लूक 4). दगड उचलले तेव्हा लपला आणि मंदिराबाहेर पडला (योहान 8). वधस्तंभ त्याने स्वतः पत्करला, दीर-जावांनी त्याच्या गळ्यात घातला नव्हता.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिथे "आपसात मिटवू" चालत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा काका असो की मंडळीतला वडील. मुलांसाठी 1098.

10. भावाने जमिनीत फसवलं. दावा चालू आहे. क्षमा करायची तर केस मागे घ्यावी लागेल?

सातबाऱ्याचे प्रश्न सर्वात जास्त येतात, नाताळच्या आसपास तर हमखास.

थेट उत्तर: नाही, घ्यावीच लागेल असं नाही. तुमचा हिस्सा मागणं हा न्याय आहे, सूड नाही. पण 1 करिंथकरांस 6 वाचा. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचण्याबद्दल पौल चिडून लिहितो, आणि म्हणतो, त्यापेक्षा नुकसान का सोसत नाही? तेव्हा आधी दोन्हीकडच्या विश्वासातल्या माणसांना बसवून पाहणं हे आपल्यावर आहेच. आणि लूकच्या 12व्या अध्यायात एक जण येशूला म्हणतो, भावाला वाटणी द्यायला सांगा, तेव्हा येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभापासून सांभाळा म्हणतो. कुणाचा लोभ, ते सांगत नाही.

मी एक पारख सुचवते. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि भावाचं घर बुडालं, तर तुम्हाला पेढे वाटावेसे वाटतील का? वाटत असतील तर दावा बांधाचा राहिलेला नाही.

11. ज्याने दुखावलं तो वारला. किंवा आहे, पण माफी मागायला तयारच नाही.

लूक 17:3 मध्ये "त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर" असं आहे, त्यावरून काही जण म्हणतात माफी मागेपर्यंत थांबा. पण वधस्तंभावर "बापा, त्यांना क्षमा कर" म्हणताना समोर कुणी पश्चात्ताप केलेला नव्हता. माझी समजूत अशी: तो आला तर द्यायला क्षमा तयार ठेवायची, समेट तो आल्याशिवाय होणार नाही (प्रश्न 8). वारलेल्या माणसाला पत्र लिहून कबरीवर वाचणारे मी पाहिले आहेत. मेलेल्याशी बोलण्याचा तो प्रकार नाही, देवासमोर वही मिटण्याचा आहे.

12. मनात राग आहे. प्रभुभोजन घेऊ का?

मत्तय 5:23-24 मुळे लोक बाकावर बसून राहतात. ते वचन नीट वाचा. अर्पण वेदीपाशी ठेवून जा असं सांगितलंय ते, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर. म्हणजे तुम्ही कुणाला दुखावलं असेल तेव्हा. तुम्ही दुखावले गेला असाल आणि सोडण्याची इच्छा तरी असेल, तर ते भोजन तुमच्याचसाठी आहे. औषध बरं झाल्यावर घेत नाहीत. मंडळीची शिस्त वेगळी असेल तर पाळकसाहेबांशी बोलून घ्या.

13. मला मंडळीतल्याच लोकांनी दुखावलं. जात काढली, कमिटीच्या निवडणुकीत बदनामी केली. उपासनेला जावंसं वाटत नाही.

जात बाहेर ठेवून आत आलो असं आपण म्हणतो. स्थळं बघताना कळतं किती बाहेर ठेवली ते. तुमची जखम खरी आहे, आणि जिथे औषध मिळायचं तिथेच ती झाली म्हणून दुप्पट दुखते.

मत्तय 18:15-17 ची वाट आहे: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीसमोर. पहिल्या पायरीआधीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही पायरी त्यात नाही. हन्ना मंदिरात ओठ हलवत रडत होती, तर एली याजकाला ती प्यालेली वाटली. तिने त्याला सरळ सांगितलं, मी प्यालेली नाही, दुःखी आहे. याजकही चुकतो आणि त्याला ते सांगता येतं. ऐकलंच नाही तर दुसऱ्या मंडळीत जाणं म्हणजे प्रभूला सोडणं नव्हे.

14. चूक माझीच होती. मी स्वतःला कशी क्षमा करू?

बायबलमध्ये "स्वतःला क्षमा" असं कुठे नाही. तिथे क्षमा दुसऱ्याकडून मिळते, आणि ती घ्यावी लागते. पेत्राने येशूला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीपाशी. योहानाच्या शुभवर्तमानात तशीच कोळशाची शेकोटी पुन्हा एकदाच दिसते, 21व्या अध्यायात, तळ्याकाठी. पुन्हा उठलेला येशू त्यावर मासे भाजतो आहे. तोच वास, तीच ऊब. न्याहारी झाल्यावर तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस काय? येशू आठवण पुसत नाही, आठवणीच्या जागी परत नेतो. कुणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या. जकातदार जक्कयाने चौपट द्यायचं कबूल केलं.

15. झोप लागत नाही, जगू नये असं वाटतं. प्रार्थनेने बरं होईल की डॉक्टरकडे जाऊ?

दोन्ही करा, डॉक्टरकडे आजच. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निजू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा निजू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. गोळ्या घेणं अविश्वास आहे असं कुणी सांगत असेल तर त्याचं हे ऐकू नका. "बंधन तोडतो" म्हणून पैसे मागत असेल तर उठून या.

16. मी ख्रिस्ती नाही. नवऱ्याच्या जाण्यानंतर मैत्रिणीबरोबर प्रार्थनेला बसते, बरं वाटतं. मला धर्म बदलावा लागेल का?

नाही. बसा, रडा, घरी जा. दुःखात असलेल्या माणसाकडून कसलाही निर्णय वदवून घेऊ नये, या मताची मी आहे.

17. हे सगळं बोलायला ठीक. खरंच कुणी असं केलंय?

ग्रॅहम स्टेन्स ओडिशात कुष्ठरोग्यांत काम करत होते. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावी जीपमध्ये झोपलेले असताना त्यांना आणि फिलिप, टिमोथी या मुलांना जाळून मारलं. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, आणि मुलीला घेऊन 2004 पर्यंत बारीपदालाच काम करत राहिल्या. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. क्षमा आणि न्याय, दोन्ही आपापल्या जागी.

पण हे उदाहरण ऐकून माणसं आणखी खचतात. म्हणून मला आपल्या लक्ष्मीबाई टिळक जवळच्या वाटतात. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार फाटला. लक्ष्मीबाईंनी आकांत केला, काही वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, पुढे नवऱ्याकडे गेल्या त्याही आपलं सोवळं घेऊन. बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःच्या वेळेने.

18. मी जिच्यावर वर्षानुवर्षं राग धरला, तिला काही ठाऊकच नाही. फोन करून "मी तुम्हाला माफ केलं" असं सांगू का?

कृपा करून नको. मागितली नसताना क्षमा दिली की ती आरोपपत्रासारखी लागते. तुम्ही तिच्याशी वाईट वागला असाल, तर त्याची माफी मागा आणि थांबा. "पण तुम्हीही" हे शब्द आले की संपलं.

आमच्यातल्या एकीने उपवास-प्रार्थनेत मन मोकळं झालं म्हणून तिथूनच थोरल्या जावेला फोन लावला. "ताई, मी तुम्हाला माफ केलं." पलीकडून विचारणा झाली, "कशाबद्दल गं?" मग कशाबद्दल ते पाऊण तास चाललं. दोन नाताळ दोन्ही घरांत करंज्या वेगवेगळ्या तळल्या गेल्या. यंदा धाकटीने काही न बोलता सारणाचा डबा घेऊन जायचं ठरवलं आहे. जाऊबाई दार उघडतात का, ते डिसेंबरात कळेल.